धुऱ्यावरून पाहिलेले सूर्यकिरण: विमान बदललं आणि आमचा अंदाज चुकला

आमच्या गावाने वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाचा हवाई कसरतींचा कार्यक्रम पाहिला, त्याची ही सविस्तर नोंद. आसपासच्या गावांतल्या शिक्षकांनी विचारलं होतं म्हणून लिहितो आहे. यातली मुख्य चूक माझी होती, ती आधीच सांगतो. जुन्या विमानांचा कार्यक्रम डोक्यात ठेवून मी नव्या विमानांच्या कार्यक्रमाची तयारी करवली.

गाव आणि पेच

काटोल रोडपासून तीन किलोमीटर आत, कळमेश्वर तालुक्यात आमचं गाव. संत्र्याचे बगीचे, पऱ्हाटी, तूर, आणि पूर्वेला उंच बरड. नागपूरच्या वायुसेना नगरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या विभागाचं, मुख्यालय आहे. बरडावरून ते सरळ रेषेत आठ-दहा किलोमीटर भरावं. त्या हिवाळ्यात तिथे वायुसेनेचं सूर्यकिरण पथक येणार अशी बातमी आली, तेव्हा गावात कापसाची दुसरी वेचणी सुरू होती.

जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत, पट ६८. वर्गणी काढली तेव्हा एका बसचे पैसे जमले. मॅडम म्हणाल्या, "अर्धी पोरं नेली आन् अर्धी ठेवली तर सोमवारी वर्गात कोणत्या तोंडानं जाऊ, भाऊ?"

मी वायुसेनेत एअरमन होतो, त्यातली काही वर्षं बिदरला काढली. पथकात नव्हतो. पण सूर्यकिरणचं घर बिदरच असल्यामुळे सकाळी ड्युटीवर जाताना नऊ किरण विमानांचा सराव डोक्यावर सुरूच असायचा. गावात मला फौजी म्हणतात आणि विमानाचा विषय निघाला की माझा शब्द शेवटचा धरतात. मी मॅडमना सांगितलं, कोणालाच न्यायची गरज नाही. बरडावर सगळ्यांना बसवू, तोंडं पूर्वेला करू. आधी आवाज येईल, मग विमानं दिसतील, आणि शेवटपर्यंत समोरच्या तुकड्यातच फिरत राहतील.

बिदरला मी हेच पाहिलं होतं. फरक एवढाच की ते जुनं किरण विमान होतं, आणि आता येणार होतं ते नवं हॉक.

सरावाच्या दिवशी काय झालं

मुख्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सराव होता. आम्ही सगळी मुलं बरडावर नेली. पूर्वेकडे तोंड करून ओळीने बसवली. दहा मिनिटं काहीच नाही. मग एकाएकी पश्चिमेकडून, म्हणजे मुलांच्या पाठीमागून, नऊ विमानं डोक्यावर आली. आवाज त्यांच्या मागून आला, आणि आला तो अंगावर कोसळल्यासारखा. पहिलीतली दोन पोरं रडायला लागली. खाली पांदणीतून कापसाची बंडी चालली होती, तिचे बैल बिथरले आणि बंडी नालीत गेली. माणसाला काही झालं नाही. एका बैलाचा गुडघा सोलला. बंडीवाल्या आबाजींनी मला नंतर एवढंच विचारलं, "फौजी, तुनं तं म्हटलं होतं का आधी आवाज येईन म्हनून?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे आणखी बिघडलं. विमानं नागपूरकडे गेली, लहान झाली, धुराच्या दोन-चार रेषा दिसल्या आणि सगळं आकाश रिकामं. मी थांबलो, पुन्हा थांबलो, आणि म्हणालो, "संपलं, चला." निम्मी मुलं बरड उतरली तेवढ्यात सहा विमानं उत्तरेकडून कळमेश्वरच्या अंगाने मोठा वळसा घेत परत आली. उतरलेल्या मुलांना झाडांआडून काही दिसलं नाही. पाचवीतली एक मुलगी माझ्याकडे पाहून काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

दोन विमानं

रात्री शाळेच्या ओट्यावर मॅडम, मी आणि सातवीची चार मुलं बसलो. फळ्यावर दोन विमानं काढली.

किरण हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं विमान, पहिलं उड्डाण १९६४ चं. पंख सरळ. दोन वैमानिक शेजारी शेजारी बसतात. सूर्यकिरणने १९९६ मध्ये याच्या मार्क २ प्रकारावर सुरुवात केली आणि पुढे नऊ विमानांचं पथक झालं. फेब्रुवारी २०११ मध्ये बंगळुरूच्या एरो इंडियानंतर पथक थांबलं. त्याचं कारण कसरतींशी संबंधित नव्हतं. नवशिक्या वैमानिकांचं एचपीटी-३२ विमान २००९ मध्ये जमिनीवर ठेवलं गेलं, शिकवायला विमानं कमी पडू लागली, म्हणून किरण विमानं प्रशिक्षणाला द्यावी लागली. घरात बी-बियाण्याला पैसा नसेल तर लग्नातला बँड आधी रद्द होतो, तसंच ते. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता, मन कितीही खट्टू झालं तरी.

२०१५ मध्ये पथक पुन्हा उभं राहिलं ते हॉक मार्क १३२ वर. हे मूळ ब्रिटिश विमान वायुसेनेत २००८ मध्ये बिदरलाच दाखल झालं आणि पुढे बंगळुरूला परवान्याखाली बनूही लागलं. सुरुवात थोड्या विमानांनी झाली, नऊपर्यंत पोचायला वेळ लागला. हॉकचे पंख मागे झुकलेले. वैमानिक एकामागे एक बसतात. लांबी साडेबारा मीटरच्या जवळपास, किरणची साडेदहा. पंखांचा पसारा मात्र हॉकचा थोडा कमीच, दहा मीटरला किंचित कमी. मुलांना हे नवल वाटलं, कारण त्यांनी नवं म्हणजे सगळीकडून मोठं असं धरलं होतं.

"मंग ताकद दुप्पट असन," एक जण म्हणाला. ही गैरसमजूत मोठ्यांचीही आहे. किरण मार्क २ च्या ऑर्फियस इंजिनाचा जोर साधारण १,९०० किलोचा, हॉकच्या अडूर इंजिनाचा २,७०० च्या आसपास. पण वजनही वाढलं आहे. जास्तीत जास्त भरलेलं किरण पाच टनांच्या घरात, हॉक नऊ टनांच्या. म्हणून "दीडपट ताकदीचं विमान" असं म्हणून सोडून देता येत नाही. हॉक वेगासाठी घडवलेलं आहे आणि जास्त वेगात ते सहज, स्थिर उडतं. सगळा फरक तिथून सुरू होतो.

बैल आणि ट्रॅक्टर

वेगाचं वळणाशी काय नातं, हे मी सूत्राने सांगू लागलो तेव्हा चारही चेहरे कोरे. मग मॅडमनी विचारलं, "वखर धुऱ्यापाशी कसा फिरवता?" आणि ओट्यावर एकदम गलका झाला. बैलजोडी धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून जवळजवळ जागच्या जागी फिरते. ट्रॅक्टरला टोकाशी दोन-तीन तासांची, म्हणजे नांगराच्या ओळींची, जागा सोडावी लागते. जितकं दमदार वाहन, तितकी वळायला जागा जास्त.

विमानाला वळायला लागणारी जागा वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर व्यास चौपट. सोयीसाठी दोन गोल आकडे घेतले, ते पथकाचे खरे वेग म्हणून घेतलेले नाहीत. ताशी ५०० किलोमीटर वेगाने, पंख ६० अंशात कलवून पूर्ण फेरा घेतला तर वर्तुळाचा व्यास २.३ किलोमीटर येतो आणि फेऱ्याला ५१ सेकंद लागतात. तसाच कल ठेवून वेग ६०० केला तर व्यास ३.३ किलोमीटर आणि वेळ ६२ सेकंद. वेग एक पंचमांशाने वाढला, व्यास जवळपास दीडपट झाला, आणि व्यापलेलं क्षेत्र दुप्पट. सातवीच्या मुलांनी हे क्षेत्रफळ स्वतः काढलं आणि कागद मला दाखवला. आमच्या शिवारासकट शेजारच्या गावांचं आकाश त्या वर्तुळात कसं ओढलं जातं, ते मला तेव्हा कळलं. बिदरच्या आठवणीतलं अंगण मी नव्या विमानांना आखून दिलं होतं.

हॉक जास्त कल देऊन याहून आखूड वळू शकतं, हे खरं. एकटं असेल तर वळतंही. पण नऊ जण एकमेकांपासून पाच मीटरहून कमी अंतरावर असतात तेव्हा म्होरक्याला सगळ्यांना जमेल असं वळावं लागतं. पुन्हा बैलजोडीच पाहा. वळताना बाहेरच्या अंगाचा बैल भरभर चालतो, आतला पाय आवरतो. म्होरक्याने स्वतःची सगळी ताकद वापरली तर बाहेरच्याला वाढवायला काही उरतच नाही. म्हणून म्होरक्या नेहमी हात राखून उडतो.

उभ्या चक्रालाही हाच नियम. वेग वाढला की चक्राची उंची वाढते, म्हणजे ढग जास्त वर असावे लागतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारी आकाश मोकळं असतं. अडचण सकाळच्या धुवारीची आणि शेतातल्या धुराची.

मधली रिकामी जागा

पथक मोठा वळसा घेत असताना प्रेक्षकांसमोरचं आकाश जवळजवळ मिनिटभर रिकामं राहतं. जत्रेत तमाशाचा पडदा मिनिटभर रिकामा ठेवला तर काय होईल, ते आपण जाणतो. म्हणून कार्यक्रमाची बांधणी बदलते. सुरुवातीला नऊ विमानं एकत्र आकृत्या करतात, मग थवा फुटतो. मोठा गट वळायला जातो तेव्हा उरलेली दोन-तीन विमानं समोरासमोर येऊन एकमेकांना घासून जातात, धुराने बदाम काढतात, किंवा एकमेकांभोवती पीळ घेत जातात, ज्याला डीएनए म्हणतात. ही फूट किरणच्या काळीही होती, पण वेगवान विमानांवर तिच्यावाचून भागत नाही. बरडावरून मला "संपलं" वाटलं तेव्हा मैदानावर ही जोडी रंगात आली असणार. दहा किलोमीटरवरून, खाली उडणारी दोन बारकी विमानं आम्हाला दिसणं शक्यच नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलेलं नाही, आणि इथे थोडं विषयांतर करतो, कारण मला हा धागा फार आवडतो. ब्रिटनचं रेड ॲरोज पथक १९६५ पासून नॅट विमानं उडवत होतं आणि १९८० च्या हंगामापासून हॉकवर आलं. नॅटचं इंजिन ऑर्फियसच होतं, आणि हॉकचं अडूर. म्हणजे आपल्या पथकाने जो बदल पस्तीस वर्षांनी केला, त्याच इंजिनाकडून त्याच इंजिनाकडे तो तिथे आधी झाला होता. अमेरिकेचं थंडरबर्ड्स उलट दिशेने गेलं. १९७४ मध्ये इंधनटंचाईच्या काळात त्यांनी अजस्र फँटम सोडून लहान टॅलन विमानं घेतली. एका फँटमच्या इंधनात पाच टॅलन उडत. मोठ्याकडून लहानाकडे गेल्यावर त्यांचा कार्यक्रम आखूड आणि घट्ट झाला. १९८३ पासून ते एफ-१६ वर आले.

आवाज मागून का आला

आबाजींना उत्तर द्यायचं होतं, म्हणून यावर जास्त वेळ घालवला.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान तीन किलोमीटरवर असताना निघालेला आवाज आपल्याला जवळपास नऊ सेकंदांनी ऐकू येतो. ताशी ६०० च्या वेगाने विमान तेवढ्यात दीड किलोमीटर पुढे आलेलं असतं, म्हणजे अंतर निम्मं कापलेलं असतं. शिवाय जेटचा मोठा गडगडाट मागच्या बाजूला फेकला जातो, येणारं विमान समोरून तुलनेने गुपचूप येतं. किरणचं ऑर्फियस हे जुन्या घडणीचं टर्बोजेट, त्याची किंचाळी समोरूनही ऐकू यायची. अडूर टर्बोफॅन आहे, म्हणजे पुढे पंखा असलेलं इंजिन, त्याचा आवाज भरदार आणि खालच्या पट्टीतला. माझे कान किंचाळीची वाट पाहत होते, ती आलीच नाही. त्यात पश्चिमेचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबाजींच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. बैलाला हळद लावून झाली होती. ते म्हणाले, "म्हंजे डोये आवाजाच्या म्होरं ठेवा लागते." मी एवढं थोडक्यात सांगू शकलो नसतो.

एका आईचा प्रश्न

त्याच सकाळी एक आई शाळेत आली. तिने मोबाईलवर अपघाताची बातमी वाचली होती. तिला गप्प करणं सोपं होतं, पण ते बरोबर नव्हतं. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूजवळ येलहंका इथे सरावात सूर्यकिरणच्या दोन हॉक विमानांची हवेत टक्कर झाली, विंग कमांडर साहिल गांधी गेले, दोघे वैमानिक बाहेर पडून वाचले. किरणच्या काळातही पथकाने माणसं गमावली आहेत. नवं विमान आलं म्हणून जवळ उडण्यातला धोका संपत नाही. शेजारच्या विमानावरच्या दोन खुणा डोळ्यांनी एका रेषेत धरून जागा राखायची असते, आणि विमान बदललं की त्या खुणा, हाताची सवय, इंजिनाला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ, सगळं नव्याने अंगवळणी पाडावं लागतं. हॉकमध्ये वैमानिक मधोमध बसतो, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. किरणमध्ये एका बाजूला पाहताना शेजारची खुर्ची आणि काचेची चौकट मध्ये यायची. ही मोठी सोय झाली, असं माझं मत आहे.

प्रेक्षकांच्या डोक्यावर कसरती करत नाहीत, आणि अनेक देशांच्या नियमांत वेग वाढला की गर्दीपासूनचं अंतरही वाढवतात, हेही तिला सांगितलं. गावावरून जातात ती जुळणीची आणि वळणाची उड्डाणं. ती म्हणाली, "मंग मी बी येतो बरडावर." आली.

नवी आखणी

बस एकच होती, ती सातवीला दिली. १७ मुलं, दोन शिक्षक, चार पालक. गुणांवरून निवड करायची नाही हे मॅडमनी ठामपणे सांगितलं. सहावीला "पुढच्या वेळी तुमची पाळी" असा शब्द दिला आहे.

उरलेली ५१ मुलं बरडावर, पण तीन गटांत. एक गट पश्चिमेकडे तोंड करून, एक उत्तरेकडे, एक नागपूरकडे. कोणालाही विमान दिसलं की हात वर करून दिशा ओरडायची. प्रत्येक गटाकडे एक घड्याळ आणि वही. विमान बरोबर डोक्यावर आलं की मोजायला सुरुवात, आणि आवाज डोक्यावर आला की थांबायचं. रात्री दवंडीसारखा निरोप फिरवला: दुपारी बंड्या पांदणीत आणू नका, ढोरं बांधून ठेवा, आणि धुऱ्यावरचं गवत दोन दिवस पेटवू नका. हा शेवटचा निरोप पाळला जाईल असं मला वाटत नव्हतं. सगळ्यांनी पाळला, आणि आकाश खरंच स्वच्छ राहिलं.

मुख्य कार्यक्रमात पश्चिमेच्या गटाने थवा आधी पाहिला. "आले! बुटीच्या बगीच्यावरून!" असा आवाज उठला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. या वेळी आवाज मागून आला तेव्हा पहिलीतली पोरं हसत होती. दूर लाल-पांढऱ्या ठिपक्यांची जागा बदलताना दिसली: दोन मागे सरले, एक खाली गेला, बाण झाला. मैदानावर पोचण्याआधीची ही जुळणी. आम्ही पाहिलं तेव्हा धूर पांढराच होता. तिरंगी धुराच्या सोयीवर नाशिकच्या बेस रिपेअर डेपोत काम झालं आहे.

वह्यांतल्या मोजण्या खडबडीत होत्या. डोक्यावरच्या आवाजाला दीड ते तीन सेकंद. मॅडमनी सरासरी दोन धरली आणि उंची ७०० मीटरच्या जवळपास काढली. लिंबाच्या झाडाआड जाऊन परत दिसेपर्यंतचा वेळ एकदा ५४ सेकंद, एकदा दीड मिनिटाहून जास्त. या वेळी कोणी बरड उतरलं नाही.

संध्याकाळी बस परतली. सातवीच्या मुलांनी समोरासमोर घासून जाणारी जोडी पाहिली होती, धुराचा बदाम पाहिला होता, वैमानिकांच्या बोलण्याचा ध्वनिक्षेपक ऐकला होता. पण थवा कुठून येतो आणि वळायला कुठे जातो हे त्यांना माहीत नव्हतं. मैदानाच्या कडेला उंच इमारती आणि झाडं, त्यांच्या मागे विमानं नाहीशी होत. चौथीतल्या मुलाने त्यांना हाताने दाखवलं: इथून येते, तिथं वळते, तिथं जागा बदलते. फळ्यावर दोन्ही गटांनी मिळून नकाशा काढला. मैदान मध्ये, आणि त्याच्याभोवती कळमेश्वर, फेटरी, आमचं शिवार. घड्याळाच्या वेळा जुळवल्या तेव्हा बरडावरच्या दीड मिनिटाच्या रिकाम्या जागेत बदामाची आकृती बरोबर बसली.

नकाशा अजून शाळेच्या भिंतीवर आहे. पाचवीतल्या त्या मुलीने त्यावर उत्तरेकडचा वळसा स्वतः काढला आहे, लाल खडूने, आणि आदल्या दिवशी ती जिथून खाली उतरली होती तिथे एक छोटी फुली.